देवळातले कासव आणि पडद्यावरचे कासव

देवळाच्या सभामंडपात, गाभाऱ्याच्या उंबरठ्यापासून थोड्या अंतरावर, फरशीत बसविलेले दगडी कासव आपणांपैकी बहुतेकांनी लहानपणापासून पाहिलेले असते. त्याच्यावर पाय पडू नये म्हणून आई हाताला धरून बाजूस ओढते, एवढीच त्याची पहिली ओळख. पुढे केव्हा तरी पुराणिकबोवांच्या तोंडून त्याचा अर्थ कानी पडतो. कासव जसे आपले अवयव सर्व बाजूंनी आत ओढून घेते तशी ज्याने इंद्रिये विषयांपासून आवरली त्याची प्रज्ञा स्थिर झाली, असे गीतेच्या दुसऱ्या अध्यायात सांगितले आहे. तेव्हापासून ‘आत ओढून घेणे’ ही क्रिया आपल्या मनात पुण्याच्या बाजूस नोंदली जाते. जो बोलत नाही, खात नाही, चारचौघांत मिसळत नाही, तो आत वळला, मोठा झाला, असे आपण सहज म्हणून जातो.

सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘कासव’ हा मराठी चित्रपट पाहताना ही जुनी नोंद पुन्हा तपासून घेण्याची गरज मला तीव्रतेने जाणवली. चित्रपट तसा नवा नाही. २०१६ सालच्या चित्रपटांसाठी दिल्या गेलेल्या राष्ट्रीय पारितोषिकांत सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे सुवर्णकमळ त्यास मिळाले. ‘श्यामची आई’, ‘श्वास’, ‘देऊळ’ आणि ‘कोर्ट’ यांच्यामागून हा मान मिळविणारा हा पाचवा मराठी चित्रपट होय. या पारितोषिकांची घोषणा ७ एप्रिल २०१७ रोजी झाली आणि योगायोग असा, की मानसिक आरोग्यसेवा अधिनियमास राष्ट्रपतींची संमती मिळाली तीही त्याच दिवशी. वकिली पेशाच्या माणसास असल्या तारखांचे वेड असते, ते वाचकांनी सोडून द्यावे. पण एका बाजूस कलेने आणि दुसऱ्या बाजूस कायद्याने एकाच दिवशी एकाच दुखण्याची दखल घ्यावी, ही गोष्ट लक्षात राहण्यासारखी आहे. त्या कायद्याविषयी पुढे सांगतोच.

कथानक थोडके आहे. जीव देण्याचा प्रयत्न करून वाचलेला एक तरुण रुग्णालयातून पळून जातो, वाट फुटेल तिकडे भटकतो आणि तापाने फणफणलेल्या अवस्थेत जानकी नावाच्या मध्यमवयीन स्त्रीस सापडतो. अमेरिकेतील संसार मागे टाकून आलेली ही बाई स्वतः नैराश्याच्या आजारातून गेलेली आहे. ती त्यास कोकणातल्या समुद्रकाठच्या आपल्या घरी घेऊन येते. तेथे घरचा मदतनीस यदू आहे, गावातला एक लहानगा पोर आहे, आणि समुद्रकासवांची अंडी राखण्याचे काम करणारे दत्ताभाऊ आहेत. इतकेच. दुष्ट माणूस नाही, रहस्य नाही, शेवटी उलगडणारे पूर्वायुष्यातील भयंकर प्रकरणही नाही.

आणि या ‘नाही’तच चित्रपटाचे खरे सामर्थ्य आहे असे मला वाटते. आपल्या कथा-कादंबऱ्यांची आणि रंगभूमीची सवय अशी, की माणूस खचला म्हणजे त्यास कारण हवे : प्रेमभंग, दिवाळे, अपमान, कृतघ्न मुले. कारण सापडले की वाचकाचे समाधान होते आणि रोगी मात्र बाजूस राहतो. ‘कासव’ने या तरुणाच्या दुःखाचा पंचनामा केलेला नाही. जानकीही तो करीत नाही. ती त्यास जेवावयास घालते, निजावयास जागा देते, आणि ‘तुला झाले तरी काय’ हा प्रश्न जिभेवर येऊनही गिळते. कोर्टात साक्षीदारांस खोदून खोदून विचारण्यात ज्याची वीस वर्षे गेली, त्यास हे मौन पाहताना प्रथम अस्वस्थ वाटले हे सांगितले पाहिजे. मग ध्यानात आले, की हा तरुण साक्षीदार नव्हे आणि आरोपी तर नव्हेच नव्हे. ज्याच्याकडे स्वतःच्याच दुःखाचे उत्तर नाही, त्याची उलटतपासणी घेऊन काय हाती लागणार?

आलोक राजवाडे यांनी उभा केलेला हा तरुण प्रेक्षकांस आवडावा अशी तजवीज दिग्दर्शकांनी मुळीच केलेली नाही, हे आणखी एक धैर्य. तो उर्मट आहे. उपकाराची जाणीव दाखवीत नाही, तुटक बोलतो, दार लावून घेतो, वेळी अवेळी निजतो. यदूस त्याचा राग येतो आणि प्रेक्षकांतील निम्म्या लोकांस यदूचेच म्हणणे पटत असावे. खिन्न माणूस म्हणजे खिडकीशी बसून अश्रू ढाळणारा, ही आपली समजूत चित्रपटांनीच घडविली. वास्तविक या आजारात, विशेषतः तरुण मुलांत आणि पुरुषांत, अश्रूंपेक्षा चिडचीड अधिक दिसते. वृद्धांत आणि आपल्या घरच्या बायकांत तो पुष्कळदा शरीराच्या तक्रारी घेऊन येतो : डोके जड, अंगाची आग, छातीत कळ, पोट साफ नाही, पायांत त्राण नाही. सगळ्या तपासण्या होतात, काही निघत नाही, आणि शेवटी ‘हिचे हे नेहमीचेच’ असा निकाल लागतो. तो निकाल चुकीचा असतो.

वैद्यकशास्त्राने या आजाराची जी खूण सांगितली आहे ती दुर्बोध नाही. मन खिन्न राहणे, अथवा ज्यात पूर्वी आनंद वाटे त्यात काहीच गोडी न उरणे, या दोहोंपैकी एक तरी गोष्ट दिवसाचा बहुतेक वेळ, दोन आठवडे किंवा अधिक काळ टिकली, आणि तिच्या जोडीस झोप बिघडणे (पहाटे तीन-चारलाच जाग येऊन पुन्हा डोळा न लागणे हा त्यातला फार ओळखीचा प्रकार), भूक मंदावणे किंवा उलट वाढणे, लहानशा कामाने थकवा, वाचलेले ध्यानात न राहणे, साधा निर्णयही न होणे, आपण कुचकामाचे आहो, घरावर ओझे आहो असा अपराधी भाव, आणि मरणाचे विचार, यांपैकी काही असली, तर तो मनाचा लहरीपणा समजू नये. दुःख सर्वांस होते. आप्त गेला तर महिनोन्‌महिने जीव थाऱ्यावर नसतो, आणि ते योग्यच आहे. परंतु शोकात बुडालेला माणूसदेखील नातवंड मांडीवर आले की क्षणभर हसतो. या आजारात ते हसूच हरवते.

आता पुन्हा कासवाकडे. हे नाव ऐकताच आपल्या डोळ्यांपुढे येते ते मान आणि पाय कवचात घेऊन बसलेले कासव. गंमत अशी, की या चित्रपटात ज्या कासवांची अंडी राखली जातात ती ऑलिव्ह रिडले जातीची समुद्रकासवे, आणि समुद्रकासवास आपली मान वा वल्ह्यासारखे पाय कवचात ओढून घेताच येत नाहीत. ते काम जमिनीवरच्या आणि तळ्यातल्या कासवांचे. समुद्रकासव वाळूवर येते तेव्हा उघडेच असते. त्यास लपावयास जागा नाही. चित्रपटाच्या नावाने जी प्रतिमा मनात उठते आणि पडद्यावर जो प्राणी दिसतो, त्यांतील ही विसंगती दिग्दर्शकांस अभिप्रेत होती किंवा नाही, हा प्रश्न टीकाकाराने विचारू नये. ती तेथे आहे, आणि चित्रपटाचा सर्वांत खोल अर्थ मला तेथेच सापडला. खोलीचे दार लावून बसलेला मुलगा आपणांस देवळातल्या कासवासारखा वाटतो. आत ओढून घेतलेला, सुरक्षित, कदाचित शांतही. प्रत्यक्षात तो दुसऱ्या जातीचा आहे. त्यास कवच नाही.

ज्यांच्यासाठी हे मासिक निघते त्या आपल्या देवस्थानाशी बांधलेल्या समाजात ही गफलत अधिक होते, असे माझे स्पष्ट मत आहे. कारण आपल्यापाशी शब्द फार थोर आहेत. मुलगा मित्रांत जाईनासा झाला : ‘संगत सुटली, बरे झाले.’ जेवण कमी केले : ‘आहार सात्त्विक झाला.’ नोकरीत मन नाही, लग्न नको म्हणतो : ‘वृत्ती विरक्त आहे.’ एखादा सेवानिवृत्त गृहस्थ आरती संपल्यावरही तास-दोन तास मंडपाच्या खांबास टेकून बसून राहतो. आपण त्याच्या निष्ठेचे कौतुक करीत चपला घालतो. त्याची निष्ठा खरी असेलही. परंतु घरी जावेसेच वाटत नाही म्हणून तो बसला आहे काय, हे त्यास कोणी विचारलेले नसते.

‘उदासीन’ हा शब्द गीतेच्या बाराव्या अध्यायात भक्ताच्या लक्षणांत येतो खरा. तो कोणाच्या शेजारी येतो ते मात्र आपण पाहत नाही. ज्या श्लोकात भक्त उदासीन म्हटला आहे त्याच श्लोकात तो दक्ष आहे, शुचिर्भूत आहे, आणि त्याची व्यथा गेलेली आहे. दक्ष म्हणजे कामात तत्पर. ज्यास पहाटे उठून दात घासण्याची उभारी नाही, ज्याची व्यथा जाण्याचे तर राहोच पण दिवसेंदिवस वाढते आहे, त्याच्या ठिकाणी ही उदासीनता नव्हे. तसेच स्थितप्रज्ञाचे कासव. ते अवयव आवरते आणि पाहिजे तेव्हा बाहेरही काढते. ज्यास आत ओढण्याचे तेवढे साधले आणि बाहेर काढण्याचे साधेना, तो योगी नव्हे, तो अडकलेला आहे. शास्त्राच्या शब्दांनीच शास्त्राचा गैरअर्थ काढावयाचा आणि त्यापायी घरातले माणूस गमवावयाचे, ही धर्मनिष्ठा कसली?

खरे म्हणजे विषादाची लक्षणे आपल्या ग्रंथाने पहिल्याच अध्यायात लिहून ठेवली आहेत. अर्जुनाचे अवयव गळतात, तोंड कोरडे पडते, अंगास कंप सुटतो, त्वचेचा दाह होतो, धनुष्य हातून निसटते, उभे राहवत नाही, मन भोवंडते. मनाचा आजार शरीराच्या भाषेत बोलतो, हे याहून स्पष्ट कोणी सांगावे? त्या रणभूमीवरील प्रसंगास आजच्या रोगाचे नाव देण्याचा उपद्व्याप मी करणार नाही. तो उथळपणा होईल. मात्र पुढचा क्रम वाचण्यासारखा आहे. भगवंत प्रथम त्यास झाडतात. हा दुबळेपणा तुला शोभत नाही, ऊठ, असे म्हणतात. आपण घरोघर जे म्हणतो तेच : मन घट्ट कर, बायकी रडगाणे पुरे. त्या झाडण्याचा उपयोग होत नाही. अर्जुन उठत नाही. तो आपला गोंधळ पुन्हा सांगतो, मी तुला शरण आलो आहे, मला मार्ग दाखव, म्हणून स्वतःहून साहाय्य मागतो, आणि गप्प बसतो. तेथून पुढे उपदेश आरंभतो आणि तो सोळा-सतरा अध्याय चालतो. झाडणी दोन श्लोकांची, ऐकून घेणे आणि समजावणे मात्र उरलेल्या सबंध ग्रंथाचे. आपण त्यातले दोन श्लोक तेवढे उचलले.

भाषेचाही दोष आहे. हुबळी-धारवाडकडे कानडीत, आणि आपल्या घरच्या कोंकणीतही, ‘बेजार’ हा एक शब्द सगळीकडे चालतो. गाडी उशिरा आली तरी बेजार, पाहुणे फार झाले तरी बेजार, आणि जगणे नकोसे झाले तरीही बेजारच. सांगणाऱ्याने शेवटच्या अर्थाने म्हटलेले ऐकणारा पहिल्या अर्थाने घेतो, आणि चहा पुढे करतो. मराठीत ‘नैराश्य’ हा शब्द आहे, पण तो वृत्तपत्राचा. परीक्षेच्या निकालानंतर आणि क्रिकेटच्या सामन्यानंतर तोच येतो.

धारवाडच्या मराठी वाचकास तर दुःख वाचण्याचा एक वेगळाच संस्कार झालेला आहे. जी. ए. कुलकर्णी येथेच राहिले, येथेच त्यांनी इंग्रजी शिकविले, आणि त्यांच्या कथांनी माणसाचे दुःख नियतीच्या पायाशी नेऊन ठेवले. थोर वाङ्मय आहे ते. पण ‘काजळमाया’ वाचलेला बाप घरातल्या मुलाच्या काळवंडलेल्या चेहऱ्याकडेही त्याच दृष्टीने पाहू लागला, तर ते वाङ्मयाचे अपयश नसून बापाचे होय. नियतीवर उपाय नाही, आजारावर आहे. जयवंत दळवी यांच्या ‘संध्याछाया’ नाटकाविषयी असेच म्हणावेसे वाटते. मुले दूर, आणि एकाकी पडलेले ते म्हातारे जोडपे अखेर जीवन संपविण्याच्या निर्णयास येते. प्रयोगानंतर प्रेक्षक डोळे पुसत बाहेर पडत आणि परदेशी गेलेल्या मुलांस दोष देत. त्या दोघांस झोप का लागत नाही, त्यांच्या बोलण्यात तेच तेच का येते, त्यांस कोणी वैद्य दाखविला काय, हे प्रश्न आपण विचारले नाहीत. नाटककारास ते विचारावयाचे नव्हते. त्याने करुणरस दिला, आणि आपण तो रस म्हणून घेतला. ‘कासव’ या परंपरेपासून निराळा उभा राहतो तो येथे. या चित्रपटात मरण हा शेवट नव्हे; ते आरंभीच चुकलेले आहे, आणि पुढचा सगळा वेळ जगावयाचे कसे यासाठी आहे.

एवढे म्हटल्यावर चित्रपटातील उणिवेविषयीही बोलले पाहिजे. जानकीचे घर फार सुंदर आहे. समुद्र समोर, झाडी मागे, मोलाने ठेवलेली माणसे, पैशाची ददात नाही आणि वेळेस तोटा नाही. अशा ठिकाणी, अशा बाईच्या सहवासात, कोणाचेही मन हळूहळू उमलेल. हुबळीच्या दोन खोल्यांच्या घरात, जेथे सकाळी सातला नळास पाणी येते आणि नऊला मुलांची शाळा असते, तेथे खचलेल्या सुनेस ही लाटांची गाज कोठून आणावी? सहवासावर सर्व भर दिल्यामुळे चित्रपट पाहून घरी जाणाऱ्याच्या मनात ‘प्रेमाने सगळे बरे होते’ एवढेच उरण्याचा धोका आहे. ते अर्धसत्य आहे. जानकी जी उभी आहे ती उपचारातून उभी आहे. प्रेम हे उपचारापर्यंत पोहोचविणारे वाहन. पुष्कळांस त्या वाहनाखेरीज तेथे जाताच येत नाही, हे खरे, पण वाहन म्हणजे गाव नव्हे.

यात एक मौज आहे. दत्ताभाऊंचे काम करणारे डॉ. मोहन आगाशे हे स्वतः मनोविकारतज्ज्ञ आहेत. पुण्यात त्यांनी त्या शास्त्राचे अध्यापन केले आणि ते या चित्रपटाचे निर्मातेही आहेत. एवढा जाणता डॉक्टर हाताशी असता दिग्दर्शकांनी त्यास पडद्यावर डॉक्टर न करता कासवांचा राखणदार केले. कलेच्या दृष्टीने ही निवड उत्तम आहे. पांढऱ्या डगल्यातील व्यक्तीने लक्षणे समजावून सांगितली असती तर चित्रपटाचे माहितीपत्रक झाले असते. शिवाय राखणदाराच्या कामात जे सांगावयाचे ते येतेच. मादी वाळूत शंभराच्या आसपास अंडी घालून समुद्रात परतते, ती पुन्हा येत नाही. कोल्ह्या-कुत्र्यांपासून आणि माणसांपासून ती अंडी कोणी तरी दीड-दोन महिने जपावी लागतात. आणि पिले निघाली की त्यांस उचलून पाण्यात टाकावयाचे नसते, वाळूवर सोडून पाण्यापर्यंत त्यांचे त्यांसच चालू द्यावयाचे असते. (आपल्या कारवार-होन्नावरच्या किनाऱ्यावरही ही कासवे येतात, जिज्ञासूंनी देवगडपर्यंत जाण्याची गरज नाही.) जपणे कोठे थांबवावे हे कळणे, हा जपण्याचाच भाग आहे. आपल्या घरांतील जपणे बहुधा थांबत नाही, अथवा सुरूच होत नाही.

याच दिग्दर्शकांचे ‘देवराई’ आणि ‘अस्तु’ हे दोन चित्रपट या जोडीस पाहावे. ‘देवराई’त मनाचा भंग पावलेल्या भावास सांभाळणारी बहीण आहे, आणि तेथे औषधोपचार अधिक समोर येतो. ‘अस्तु’मध्ये स्मृती हरपलेले वृद्ध संस्कृत पंडित एका हत्तीच्या मागे निघून जातात आणि त्यांस आसरा देते ती कानडी बोलणारी माहुताची बायको. तिचे काम अमृता सुभाष यांनी असे केले आहे, की आमच्याकडच्या प्रेक्षकास आपल्याच गल्लीतील कोणी भेटल्यासारखे वाटेल. तिच्यापाशी समुद्रकाठचे घर नव्हते, हे मुद्दाम सांगतो. माझ्या मते तिघांत कलाकृती म्हणून ‘अस्तु’ श्रेष्ठ. पण ज्याची आज घरोघर निकड आहे तो ‘कासव’.

निकड म्हणतो ती अलंकार म्हणून नव्हे. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ साली देशभर जी पाहणी केली तिच्यात, प्रौढांपैकी सुमारे वीसांत एकास आयुष्यात केव्हा तरी नैराश्याचा आजार झालेला आढळला. आपल्या रथोत्सवास जमणाऱ्या समुदायावर नजर टाकून वाचकांनी हा हिशेब स्वतःच करावा.

आणि साहाय्य दूर आहे असेही नाही. धारवाडचे मानसिक रुग्णालय मुंबई इलाख्याच्या काळातले, १८४५ साली स्थापन झालेले. आज तेच धारवाड मानसिक आरोग्य व मज्जाविज्ञान संस्था, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेले ‘डिमहान्स’, या नावाने चालते. तेथे बाह्यरुग्ण विभाग आहे. मनुष्य सकाळी जाऊन दुपारी घरी येऊ शकतो. परंतु बोलीत त्याचे नाव अजून ‘हुच्चास्पत्री’ असे आहे, आणि त्या एका शब्दाच्या धाकाने किती तरी माणसे त्या फाटकापर्यंत गेलेली नाहीत. जेथे टायफॉइडवर जसा इलाज होतो तसा खिन्नतेवर होतो, त्या वास्तूस शिवीचे नाव देऊन आपण आपलेच दार लावून घेतले आहे. जिल्ह्याजिल्ह्यांतून मनोरुग्णसेवा पोहोचविण्याचा जो कार्यक्रम आज देशभर आहे, त्याचा नमुना आपल्या शेजारच्या बळ्ळारी जिल्ह्यातच तयार झाला, हेही येथे थोड्यांसच माहीत असते. ज्यास बाहेर पडणेच अशक्य झाले आहे त्याने १४४१६ या क्रमांकावर दूरध्वनी करावा. ‘टेली मानस’ ही सरकारी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून आहे, रात्रंदिवस आहे, अनेक भारतीय भाषांत आहे आणि तीस पैसे पडत नाहीत.

औषधांविषयी दोन गैरसमज फार. एक, त्यांचे व्यसन लागते. नैराश्यावरची औषधे म्हणजे झोपेच्या गोळ्या नव्हेत. त्यांचे तसे व्यसन लागत नाही, मात्र ती डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून एकाएकी सोडू नयेत. दुसरा, आठवड्यात गुण आला नाही म्हणजे औषध निरुपयोगी. गुण दिसावयास दोन ते चार आठवडे, कधी अधिकही लागतात, आणि बरे वाटू लागल्यावरही काही महिने ती चालू ठेवावी लागतात. ज्या घरांत तिसऱ्या दिवशी बाटली फडताळात जाते आणि आठव्या दिवशी ‘बाहेरचे काही’ पाहणारा येतो, तेथे बिचाऱ्या औषधाचा काय दोष? बाळंतपणानंतर सुन्न झालेल्या मुलीच्या बाबतीत तर हा प्रकार हमखास घडतो. कुलदैवताकडे कौल लावू नये असे मी म्हणत नाही. गोव्यास जावे, प्रसाद घ्यावा, मनास बळ येते. परंतु हाड मोडले असता प्रसाद मिळेपर्यंत प्लॅस्टर घालू नका, असे आजवर कोणा देवाने सांगितलेले नाही.

कायद्याची बाजू सांगावयाची राहिली. चित्रपटातील तरुण रुग्णालयातून पळतो तेव्हा, म्हणजे २०१६ साली, तो कायद्याच्या दृष्टीने अपराधी होता. भारतीय दंडसंहितेच्या ३०९ व्या कलमान्वये आत्महत्येच्या प्रयत्नास एक वर्षापर्यंत साध्या कैदेची शिक्षा होती. मुंबईच्या एका पोलीस शिपायाचे प्रकरण आम्ही कायद्याच्या वर्गात शिकलो. अपघातात डोक्यास मार लागून त्याचे मन बिघडले होते आणि त्या स्थितीत त्याने स्वतःस जाळून घेण्याचा प्रयत्न केला. जगल्याबद्दल त्याच्यावर खटला झाला. १९८६ साली मुंबई उच्च न्यायालयाने ते कलमच घटनाबाह्य ठरविले, १९९४ साली सर्वोच्च न्यायालयाने दुसऱ्या प्रकरणात तसाच निर्णय दिला, आणि १९९६ साली पाच न्यायमूर्तींनी तो फिरवून कलम पुन्हा जिवंत केले. या भयाने कित्येक घरांनी आपली माणसे रुग्णालयात नेताना ‘चुकून झाले’ असे लिहून दिले, आणि मग त्या चुकीवर उपचार तरी कोणता व्हावा? २०१७ चा अधिनियम २९ मे २०१८ पासून अमलात आला. त्याच्या ११५ व्या कलमाने असे गृहीत धरावयास सांगितले, की असा प्रयत्न करणारा तीव्र मानसिक ताणाखाली होता. त्यास शिक्षा नाही, उलट त्याची शुश्रूषा आणि पुनर्वसन करणे हे सरकारचे कर्तव्य आहे. १ जुलै २०२४ पासून जी न्यायसंहिता आली तिच्यातून ३०९ कलम गेलेच. सरकारी अधिकाऱ्यास कर्तव्यापासून अडविण्याकरिता केलेल्या प्रयत्नापुरती शिक्षा तेवढी राहिली. शरीराच्या आजारास विमा असेल तसाच मनाच्या आजारास असला पाहिजे, आणि रोग्याची माहिती गुप्त राहिली पाहिजे, हेही त्याच २०१७ च्या कायद्यात आहे.

यावर घरची वडीलधारी माणसे हळू आवाजात जे विचारतात तेही ठाऊक आहे : ‘वकीलसाहेब, पण मुलीचे लग्न?’ हिंदू विवाह कायद्यात मनोविकार हे घटस्फोटाचे कारण आहे, हे त्यांनी कोठे तरी ऐकलेले असते. त्यांनी हेही ऐकावे, की नुसत्या आजाराच्या नावाने घटस्फोट मिळत नाही. विकार इतका आणि असा असला पाहिजे, की जोडीदाराने एकत्र राहावे अशी रास्त अपेक्षाच करता येऊ नये. १९८८ साली सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केले. उपचाराने बरा होणारा नैराश्याचा आजार आणि लपवून, दाबून वाढविलेला आजार, यांपैकी संसार कोणता मोडतो ते माझ्या कचेरीतील फडताळ सांगू शकेल. पण ती कागदपत्रे दाखविण्याचा मला अधिकार नाही.

आणखी एका भीतीचा उल्लेख करतो. खचलेल्या माणसास ‘जिवाचे काही बरेवाईट करण्याचा विचार येतो काय’ असे विचारले तर तो विचार त्याच्या डोक्यात आपणच घालू, असे पुष्कळांस वाटते. तसे होत नाही. विचारल्याने बहुधा त्याचा भार हलका होतो, कारण तो प्रश्न त्याने एकट्याने फार दिवस वाहिलेला असतो. उत्तर ‘होय’ आले तर त्यास एकटे सोडू नये आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे. जानकी कारण विचारीत नाही, हे तिचे शहाणपण. पण हा एक प्रश्न न विचारणे हे शहाणपण नव्हे, आणि चित्रपटाच्या मौनाचा तसा अर्थ कोणी करू नये.

आपल्या देवस्थान समितीच्या सभागृहात उत्सवाच्या दिवसांत चित्रपट दाखविण्याची प्रथा आहे. ‘कासव’ उत्सवात दाखवू नये असे मी सुचवीन. तेव्हा प्रसादाची पाने मांडण्याची घाई असते आणि मुले पळत असतात. श्रावण सरल्यावर एखाद्या साध्या शनिवारी संध्याकाळी तो लावावा. धारवाडहून एखाद्या डॉक्टरांस बोलवावे, पण व्यासपीठावर नव्हे, हारतुरे नकोत; चित्रपट संपल्यावर त्यांनी मागच्या ओसरीवर तासभर नुसते बसावे. दिवे थोडे मंद ठेवावे, आणि त्या ओसरीकडे कोण गेले याकडे बाकीच्यांनी पाठ करून कॉफी घ्यावी.